घडणावळीचे सोने : क्रीडा-घड्याळाचा इतिहास

सोन्याचे क्रीडा-घड्याळ म्हणजे घोडदौड, पोहणे, मोटारींची शर्यत यांतले धक्के सोसेल अशा बांध्याचे, पण पोलादाऐवजी सोन्यात घडवलेले मनगटी घड्याळ. अशा घड्याळाची काच सहजी फुटता कामा नये, चावीच्या भोकातून पाणी आत जाता कामा नये, पट्टा घामाने कुजता कामा नये, आणि सेकंदाचा हिशेब चुकता कामा नये. सोन्याचा स्वभाव या सगळ्याच्या आड येतो. शुद्ध सोने इतके मऊ की दाताखाली धरले तरी खूण उमटते, आणि इतके जड की त्याची घनता पाण्याच्या एकोणीसपटीहून अधिक भरते. १८ कॅरेटपर्यंत खाली आणलेले पिवळे सोनेसुद्धा पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असते.

सराफाच्या पेढीवर दागिन्याची किंमत दोन भागांत सांगतात : सोन्याचा भाव आणि घडणावळ. पाटल्या-बांगड्यांत पहिला भाग मोठा, दुसरा त्यामानाने थोडा. चांगल्या सोन्याच्या क्रीडा-घड्याळात हे प्रमाण उलटे होते. आतले सोने वितळवून विकले तर हाती येणारी रक्कम घड्याळाच्या किमतीचा एक अंश असते. उरलेली सगळी घडणावळ. त्यामुळे या वस्तूचा इतिहास पाहायचा तो सोन्याच्या भावापेक्षा घडणावळीच्या बाजूने.

या घड्याळाचा उगम शर्यतीच्या मैदानात आहे. सप्टेंबर १८२१ मध्ये पॅरिसच्या शां द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती झाल्या, तेव्हा निकोला र्यूसेक या घड्याळजीने आपले नवे यंत्र तिथे चालवून दाखवले. घोडा निशाणापाशी पोहोचला की बटण दाबायचे. मग फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे आणि ठिपक्यांमधले अंतर मोजून प्रत्येक घोड्याचा वेळ कळे. पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळाले. १८४४ मध्ये अडॉल्फ निकोल याने हृदयाच्या आकाराची एक लहानशी चकती काढली. काटा कुठेही असो, या चकतीवर दट्ट्या आपटला की तो झटक्यात शून्यावर येतो. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही, म्हणजे बटण दाबून वेळ मोजणाऱ्या घड्याळातही, हीच चकती आहे. पावणेदोनशे वर्षांत तिच्याहून सोपा उपाय कुणाला सापडला नाही, यातच तिची थोरवी आहे.

सेकंदावर उभा असलेला खेळ म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कल्याण-नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार आहे. त्याच्या आसपासच्या गावांत यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. महाराष्ट्रात इतरत्र गाड्या शेजारी-शेजारी पळतात. इथे चढणीच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो आणि त्याची झुंज वेळेशी असते. प्रत्येक बारीचा, म्हणजे धावेचा, वेळ सेकंदांत आणि सेकंदाच्या अंशांत पुकारला जातो, आणि त्या अंशावरून घाटाचा राजा ठरतो. निकाल पुकारला जाईपर्यंत अख्ख्या घाटाचे लक्ष घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे असते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. ठेवणीतले सोने अंगावर घालून मिरवायचे तेही याच यात्रांत, आणि बक्षिसांत सोन्याची अंगठीही असते. खेळ, सेकंद आणि सोने एकत्र येणे या मुलखाला नवीन नाही.

सोन्याची वाट तर इथे फारच जुनी. कल्याणच्या बंदरातून नाणेघाट चढून माल जुन्नरला येई, आणि जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतल्या एका शिलालेखात कल्याणच्या संघक नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका सोनाराकडे डोंगरात टाके खोदवून देण्याइतकी ऐपत होती, आणि आपल्या नावाबरोबर आपला धंदाही दगडात कोरून ठेवावा असे त्याला वाटले.

युरोपातले घड्याळ या किनाऱ्यावर उतरले ते मुंबईत. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल इथे १७३७ मध्ये ज्या घराण्याने काम सुरू केले, त्यातला फ्रिट्झ फाव्र १८६५ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याने फाव्र-ल्युबाचा व्यापार इथे बसवला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईतून घड्याळे विकू लागली. तिच्या सर्वांत प्रसिद्ध घड्याळाचे नाव होते ‘सोवार’, म्हणजे आपला घोडेस्वार सवार. पहिल्या महायुद्धात मनगटी घड्याळ सैनिकाच्या हातावर आले, आणि हिंदी फौजेत या नावाचा बोलबाला झाला. स्विस कारखान्यात तयार झालेल्या मालाला हिंदी घोडदळाचे नाव द्यावे असे विक्रेत्याला वाटले, यावरून गिऱ्हाईक कोण होते ते दिसते. पुढे १९६२ मध्ये फाव्र-ल्युबाने ‘बिव्हुॲक’ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारी डबी होती, त्यामुळे गिर्यारोहकाला उंचीही मनगटावर वाचता येई. मनगटी घड्याळात अशी सोय प्रथमच झाली होती.

खेळासाठी घडलेल्या आणि सोन्यातही शोभलेल्या घड्याळाची सर्वांत मोठी कथा हिंदुस्थानच्या पोलो मैदानावर सुरू होते. १९३०-३१ च्या हिवाळ्यात सेझार द त्रे नावाचा स्विस व्यापारी इथे आला होता. आधी तो दंतवैद्यांना लागणारे सोने विकत असे, नंतर घड्याळांकडे वळला होता. इंग्रज अधिकारी छावण्या-छावण्यांत पोलो खेळत. पुण्यातही हा खेळ जोरात होता. अशाच एका सामन्यानंतर, काठीच्या फटकाऱ्याने काच फुटलेले घड्याळ दाखवून एका अधिकाऱ्याने द त्रेला विचारले, की हे सोसेल असे घड्याळ होणार नाही का, असे सांगितले जाते. द त्रेने प्रश्न घड्याळ-कारखानदार जाक-दाव्हिद लकूल्त्र याच्याकडे नेला. रेने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने आराखडा केला आणि ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. घड्याळाचे नाव ‘रिव्हर्सो’.

रिव्हर्सोची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. चौकोनी घर एका पातळ तळावर बसलेले असते. अंगठ्याने ढकलले की ते खाचांतून बाजूला सरकते, मग आसावर उलटते आणि परत जागेवर येऊन खट्‌कन अडकते. आता काच मनगटाकडे आणि धातूची सपाट पाठ बाहेर. फटका काय बसायचा तो पाठीवर बसेल. या हालचालीसाठी खाच आणि तिच्यात सरकणारा खिळा यांच्यातली फट केसाएवढी हवी : जास्त झाली तर घर खुळखुळते, कमी झाली तर अडते. पहिली घरे जिनिव्हाच्या ए. अँड ई. वेंगर यांनी केली. आतल्या यंत्रासाठी लकूल्त्रकडे सुरुवातीला योग्य मापाचे काही नव्हते, म्हणून ताव्हान कारखान्याचे यंत्र घेतले. १९३३ पासून स्वतःच्या कारखान्याचे बसू लागले. तबकडीच्या वर आणि खाली तीन-तीन आडव्या रेघा, बाकी सगळे साधे. हे घड्याळ पोलादात झाले तसे सोन्यातही झाले, आणि सोन्यात त्याचा उपयोग बदलला. फटका झेलायला ठेवलेल्या पाठीवर लोक नावाची अक्षरे, कुलचिन्हे, मीनाकारीची चित्रे करवून घेऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोल घड्याळांची चाल आली आणि रिव्हर्सो जवळजवळ विस्मरणात गेले. १९७२ मध्ये जॉर्जो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून असलेली २०० रिकामी घरे विकत घेतली, त्यांत यंत्रे बसवून घेतली आणि ती पाहता पाहता विकली. तेव्हा कुठे कारखान्याला आपल्याकडे काय होते ते उमगले.

दरम्यान क्रीडा-घड्याळाचा दुसरा प्रवाह पाण्याच्या बाजूने वाहत होता. रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ आणले. त्याची पाठ, काचेची कडी आणि चावी तिन्ही आट्यांनी घट्ट बसत. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्लिश तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. त्याच महिन्यात तिने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा हे घड्याळ तिच्या अंगावर होते, आणि थंड पाण्यात कित्येक तास राहूनही ते चालू राहिले. १९५३ मध्ये पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी ‘सबमरीनर’ आणि १९६३ मध्ये मोटार-शर्यतींसाठी ‘डेटोना’ आले. दोन्ही मुळात कामाची पोलादी घड्याळे. दोन्हींचे सोन्याचे अवतार १९६० च्या दशकातच निघाले.

सोन्याचे घड्याळ म्हणजे सन्मानाची भेट, हा अर्थही त्याच काळात पक्का झाला. चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षी ओमेगाने ‘स्पीडमास्टर’ १८ कॅरेट सोन्यात काढले, पट्ट्यासकट. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी ह्यूस्टनमध्ये मेजवानी झाली आणि अंतराळवीरांना ही घड्याळे देण्यात आली. पहिल्या क्रमांकाचे घड्याळ राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी होते, पण इतकी मौल्यवान भेट त्यांना स्वीकारता आली नाही. एकूण १,०१४ घड्याळे झाली. १९७० च्या दशकात घड्याळ-कारखानदार जॅक ह्यूअर फेरारीच्या शर्यत-चालकांना सोन्याचे ‘करेरा’ देत असे. पाठीवर चालकाचे नाव आणि त्याचा रक्तगट कोरलेला असे. ज्या धंद्यात अपघात रोजचाच, तिथे भेटवस्तूवर रक्तगट कोरणे हा आपुलकीचाच भाग होता.

या प्रवाहाला खरी कलाटणी मिळाली ती एका पोलादी घड्याळाने. ओदमार पिगे या घराण्याचे व्यवस्थापक जॉर्ज गोले यांनी आराखडाकार जेराल्ड जेंटा याला एका संध्याकाळी फोन केला आणि सकाळपर्यंत नव्या पोलादी घड्याळाचे चित्र मागितले. ते घड्याळ, ‘रॉयल ओक’, १९७२ च्या बाझल प्रदर्शनात मांडले गेले. पोलादाचे असून सोन्याच्या कित्येक घड्याळांहून महाग, आणि ३९ मिलिमीटर म्हणजे त्या काळाच्या मानाने अगडबंब. मात्र जाडी साधारण ७ मिलिमीटरच, कारण आतले स्वयंचलित यंत्र अवघे ३.०५ मिलिमीटरचे होते. सोन्याच्या नजाकतीने पोलाद घडवायचे, हा त्यामागचा विचार. पहिले नमुने मात्र पांढऱ्या सोन्यात करावे लागले, कारण त्या आकारात कठीण पोलाद कापण्यापेक्षा सोने कापणे सोपे होते. पोलादी घड्याळ म्हणून गाजलेल्या या वस्तूचा पहिला देह असा सोन्याचा होता. १९७७ मध्ये ते पिवळ्या सोन्यात उघडपणे आले.

सोन्याचे रॉयल ओक भिंगाखाली धरले की घडणावळ म्हणजे काय ते दिसते. काचेभोवतीची कडी अष्टकोनी आहे. तिच्या वरच्या सपाट भागावर उभ्या रेषांची बारीक घासणी आहे, सगळ्या रेषा एकाच दिशेला. तिला लागून उतरती पट्टी. ती आरशासारखी चकचकीत. दोन्हींच्या मधली कड सरळ आणि धारदार असते. सोन्यात अशी कड राखणे हेच अवघड काम. पॉलिशच्या चाकावर हात क्षणभर जास्त रेंगाळला तर मऊ धातू गोलावतो, आणि गेलेली कड परत आणता येत नाही. कडीवर षट्कोनी डोक्यांचे आठ खिळे आहेत. त्यांच्या खाचा वर्तुळाच्या दिशेने ओळीने लागलेल्या दिसतात, कारण ते फिरतच नाहीत : षट्कोनी डोके षट्कोनी घरात बसते आणि घट्ट करायचे ते मागच्या बाजूने. तबकडीवर लहान चौकोनांची नक्षी जुन्या यंत्रांवर हळूहळू कोरली जाते. पट्टा घरापासून बकलापर्यंत निमुळता होत जातो, म्हणजे प्रत्येक कडीचे माप वेगळे. एकाच साच्यात सगळ्या पाडता येत नाहीत. पहिले पट्टे गे फ्रेर यांनी केले, आणि त्यांचे नाव घड्याळाच्या इतिहासात जेंटाच्या शेजारी लिहायला हवे. मनगटाला सर्वांत जास्त कळतो तो पट्टाच.

जेंटानेच १९७६ मध्ये पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’ आखले, जहाजाच्या खिडकीसारखे, दोन्ही बाजूंना बिजागऱ्यांचे कान असलेले. १९७७ मध्ये योर्ग हायसेक याने व्हाशेराँ कॉन्स्तांतँसाठी ‘२२२’ केले; त्याची सोन्याची प्रत २०२२ मध्ये पुन्हा काढली गेली आणि मूळ घड्याळाहून अधिक नावाजली गेली.

मराठी सोनाराला या कामातले बरेच काही ओळखीचे वाटेल. मूस, ऐरण, कानस, झाळण आणि शेवटचा उजाळा, हा क्रम दोन्हीकडे आहे. फरक आहे तो सोन्याच्या कसात आणि भरीवपणात. आपला दागिना २२ कॅरेटचा, म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. घड्याळाचे सोने १८ कॅरेटचे, हजारात ७५०. उरलेल्या चौथ्या हिश्श्यात चांदी आणि तांबे. तांबे वाढवले की रंग गुलाबीकडे झुकतो आणि कठीणपणा वाढतो. पण घाम आणि क्लोरीन यांनी तो गुलाबी रंग वर्षानुवर्षांत फिका पडतो. यावर उपाय म्हणून रोलेक्सने २००५ मध्ये मिश्रणात थोडे प्लॅटिनम घातले. ऊब्लोने २०११ मध्ये सिरॅमिकच्या सांगाड्यात सोने मुरवून ओरखडा न पडणारे १८ कॅरेट तयार केले. बोरमाळेचा मणी पातळ पत्र्याचा आणि आत लाखेने भरलेला असतो. थोड्या सोन्यात मोठा दागिना उभा करणे ही त्यातली करामत. घड्याळाचे घर मात्र भरीव सोन्याच्या ठोकळ्यातून कोरून काढतात, कारण त्याला पाण्याचा दाब आणि आट्यांचा ताण सोसायचा असतो. दोन्ही कारागिऱ्या आपापल्या जागी पूर्ण आहेत, आणि एकीच्या मापाने दुसरी मोजणे अन्यायाचे होईल.

महाराष्ट्रात भरीव सोन्याचे घड्याळ सामान्यांच्या नजरेस फारसे पडले नाही, याला कायदाही कारण आहे. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण नियम आणले. १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवण्यावर बंदी आली. गावोगावच्या सोनारांचा धंदा बसला, अनेकांनी आत्महत्या केल्या. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. त्याच दशकांत परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती, आणि सोने व स्विस घड्याळे दोन्ही मुंबईच्या किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरत. सरळ मार्गाने चालणाऱ्या घरात १९६१ पासून सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत बनणारे एचएमटी आले. लग्नात नवऱ्यामुलाला घड्याळ आणि अंगठी देण्याची चाल रूढ झाली. अंगठी खऱ्या सोन्याची, घड्याळावर बहुधा मुलामा. ‘रोल्ड गोल्ड’ हा शब्द तेव्हा घराघरांत होता. मुलामा झिजून चावीजवळ आणि कानांवर पितळ दिसू लागले, तरी ते घड्याळ लोकांनी जिवापाड सांभाळले.

१९९१ नंतर बाजार खुला होत गेला. पुढे सचिन तेंडुलकर ओदमार पिगेचा चेहरा झाला, आणि रॉयल ओकचा अष्टकोन मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांनाही ओळखू येऊ लागला. मुंबईशी दीड शतकाचे नाते असलेले फाव्र-ल्युबा २०११ मध्ये टायटनने विकत घेतले.

असे घड्याळ पारखताना आधी कडा पाहाव्यात. त्या गोलावल्या असतील तर घड्याळ वारंवार पॉलिश झालेले आहे, आणि त्यात गेलेली घडणावळ परत येत नाही. पट्टा आडवा धरला की तो किती लोंबतो ते पाहावे, कारण मऊ सोन्याच्या कड्यांमधले जोड पोलादाहून लवकर झिजतात. चावी उघडताना-लावताना आटे गुळगुळीत लागले पाहिजेत. क्रोनोग्राफचे बटण दाबल्यावर काटा उडी न मारता सुटला पाहिजे आणि शून्यावर नेमका परतला पाहिजे. शेवटी ठसे. १८८० च्या दशकापासून १९९५ पर्यंत स्विस १८ कॅरेटच्या पिवळ्या सोन्यावर हेल्व्हेशियाचे शीर असे. १९९५ पासून सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आणि ७५० हा आकडा. भारतात जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांना टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, पण घड्याळांना त्यातून वगळले आहे. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाला कसाची खात्री करायची तर पाठ उघडून आतला परदेशी ठसाच वाचावा लागतो.